‘धीर चेपला’ आणि ‘भीड चेपली’ : अर्थ एकच कसा?

प्रश्न (गुहागर)
माझी भाची सुट्टीत आमच्या विहिरीत पोहायला शिकते आहे. कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधलेली, तरी पहिले चार दिवस तिने दोर सोडला नाही. इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. पाचव्या दिवशी सोडला. आई वरून म्हणाली, “सोडलान हो दोर! धीर चेपला तिचा.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “भीड चेपली एकदाची.” दोघींना म्हणायचं होतं एकच. पण धीर आणि भीड हे तर उलट शब्द. दोन्ही चेपले, तर अर्थ एकच कसा निघतो?

उत्तर (मालवण)
ताई, चेपणे म्हणजे दाबणे. पण दाबल्याने दोन गोष्टी होतात. डबा चेपला की बसतो, माती चेपली की घट्ट होते. पावसाळा सरल्यावर आपण खळं करतो ते आठवा. माती पसरायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपत राहायचं. ढेकळं सपाट होतात आणि त्याच माराने जमीन टणक होते. भीड चेपते ती ढेकळासारखी, धीर चेपतो तो जमिनीसारखा. ही व्युत्पत्ती नव्हे, मला लागलेला अर्थ आहे.

छटा मात्र वेगळ्या. भीड म्हणजे मुळात माणसांपुढचा संकोच. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतो ती. पाण्याची वाटते ती भीती. पण ‘भीड चेपणे’ आता कशाच्याही सरावाला चालतं, त्यामुळे काकू चुकल्या नाहीत. फक्त त्यात कधी तक्रारही असते : “हल्ली त्याची फार भीड चेपली आहे,” म्हणजे पोर उलट बोलायला लागलं. ‘धीर चेपला’मध्ये कौतुकच असतं. पोरीसाठी मी आईचाच शब्द घेईन.

श्रीवर्धनहून
यात ‘धसका’ही यायला हवा. धास्ती पुढच्याची असते, धसका होऊन गेलेल्याचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अजून जूनमध्ये वारा उठला की आई दारं लावत सुटते. ती घाबरट नाही, तिने धसका घेतलाय.

माझाही एक आहे. आठ वर्षांची असताना नात्यातल्या एकांनी मला “अशीच शिकतात” म्हणून विहिरीत ढकललं. लगेच बाहेर काढलं, पण समुद्र दारात असून आजही मी गुडघ्यापलीकडे पाण्यात जात नाही. ‘भीती मोडणे’ हा शब्द म्हणूनच मला आवडत नाही. मोडायला गेलं की असं होतं.

उत्तर (मालवण)
ताई, वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मला पटतं. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावरचं काम प्रसिद्ध केलं. मुलगा आवडीचं खात असताना ससा दूर ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. आजचे उपचारही याच वाटेने जातात : थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, जवळ कुणी विश्वासाचं असताना. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव बसत जातो. याला मराठीत ‘चेपणे’हून नेमका शब्द मला सुचत नाही. एका चोपीत खळं होत नाही.

तुम्हालाही गुडघ्यापासूनच सुरुवात करता येईल, कुणी हात धरणारं असेल तर. आमच्याकडे मूल पाण्यात उतरताना म्हणतात, “भियाव नको, मी आसय.” त्यात ‘मी आसय’ला फार मोल आहे.

गुहागरहून
आईला सगळं वाचून दाखवलं. ‘भीती मोडणे’ ती म्हणतच नाही, ‘भीती जाते’ म्हणते. आणि धीर चेपायला दिवस लागतात, असंही म्हणाली. भाची आज नारळ सोडून उतरणार आहे. दोर मात्र हाताशी ठेव, असं मला दोनदा बजावलंय.