मदत हवी आहे: डॉबिन्सला ठेवू की विकू?

मंडळी, आमच्या कीपर लीगची (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून खेळायचा फँटसी खेळ, ज्यात काही खेळाडू पुढच्या हंगामासाठी राखता येतात) मुदत जवळ आली आहे आणि माझं घोडं रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) जे. के. डॉबिन्सपाशी अडलंय. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) नेमाने बघणाऱ्यांचं मत हवंय.

गडी खेळला की डोळ्यांचं पारणं फिटतं. २०२० मध्ये रेव्हन्स संघाकडून पहिल्याच हंगामात धावून ८०५ यार्ड, दर धावेला सरासरी सहा! पण २०२१ च्या सराव सामन्यात गुडघा गेला, २०२३ च्या पहिल्याच सामन्यात टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. तरी २०२४ मध्ये चार्जर्सकडून ९०५ यार्ड काढले. २०२५ मध्ये ब्रॉन्कोसकडे दहा सामन्यांत ७७२, आणि नोव्हेंबरात रेडर्सविरुद्ध मागून धरून पाडलं, पाय दुखावला, हंगाम संपला.

माझा नवरा म्हणतो, एवढ्या दुखापतींनंतर मनात धास्ती बसतेच. मला ते पटत नाही. २०२५ चे व्हिडिओ बघा: बचावफळीत फट दिसली की पाय रोवून एका झटक्यात आत घुसतो, जागच्या जागी थयथय नाही. घाबरलेला रनिंग बॅक नेमका तिथेच अर्धा क्षण घुटमळतो. माझी शंका मनाबद्दल नाहीच, शरीराबद्दल आहे. पाच वर्षांत एकही पूर्ण हंगाम नाही, वय सत्तावीस, आणि या जागेवरचे खेळाडू तिशीच्या आत उतरणीला लागतात.

समोरून दुसऱ्या फेरीचा एक पिक (खेळाडू निवडायची संधी) मिळतोय. घेऊ का? की पहिले चार-पाच आठवडे खेळवून, भाव चढल्यावर विकू? पायाच्या अशा दुखापतीनंतर धावण्यात काय फरक पडतो, हे कुणी फिजिओ असेल तर जरूर सांगा. आमचे लीगवाले नुसते ‘विकून टाक, विकून टाक’ करताहेत, आणि त्यातल्या दोघांना तो स्वतःलाच हवाय.