आईची पडण्याची भीती कशी घालवायची? मदत हवी आहे

नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची. बाबा गेल्यावरही ती साताऱ्याला एकटीच राहायची. गेल्या श्रावणात पहाटे मोरीत पाय घसरून पडली आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हाड नीट जुळलं. तेव्हापासून ती आमच्याकडे डोंबिवलीत आहे.

हात बरा झाला, पण चालणं गेलं. घरातल्या घरात भिंत, टेबल, फ्रिज असं काही ना काही धरत जाते. मधे चार पावलं धरायला काही नसलं की थांबते आणि मला हाक मारते. पाय उचलत नाही, फरशीवरून सरकवते. साताऱ्यात रोज देवळात जाणारी, मंडईतून भाजी निवडून आणणारी बाई, चार महिन्यांत लिफ्ट असूनही खाली उतरलेली नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणीसुद्धा पीत नाही. हे मला परवा कळलं आणि रडूच आलं.

आमचंही चुकलंय. ती जरा हलली की आम्ही तिघंही ओरडतो, "उठू नकोस, मी देते!" मुलगी तर ताटसुद्धा हातात आणून देते. प्रेमानेच करतो, पण गेल्या आठवड्यात तिला खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागला, तेव्हा तिच्या मांड्या किती बारीक झाल्यात ते दिसलं.

घरात करण्यासारखं केलंय. बाथरूममध्ये भिंतीत पक्की दांडी बसवली (आधी ती टॉवेलच्या नळीला धरायची, ती एक दिवस हातातच आली), सुटी पायपुसणी काढली, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचे दिवे लावले, गाऊन चार बोटं वर घेतले, मागे पट्टा असलेली चप्पल आणली. भीती मात्र तसूभर हललेली नाही. "आता पडले तर खुबा जाईल, मग अंथरुणातच," एवढंच म्हणते. चालायचा आग्रह धरला की बीपी वाढतं.

औषधं: बीपीच्या दोन गोळ्या, आणि प्लास्टरच्या दिवसांत सुरू झालेली झोपेची गोळी. तिला पुन्हा चालतं करायची सुरुवात कुठून करू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंची भीती खोटी नाही, म्हणून "घाबरू नकोस" म्हणून ती जाणार नाही. भीतीने माणूस बसतो, बसल्याने पाय आणि तोल दोन्ही कच्चे होतात आणि पडण्याची शक्यता खरोखरच वाढते.

आधी बीपी मोजा: पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर लगेच डॉक्टरांना सांगा. झोपेच्या गोळीबद्दलही विचारा. तिने तोल बिघडतो, पण मनाने एकदम बंद करू नका. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलंय, म्हणजे हाडांची घनता तपासायलाच हवी. हे फार वेळा राहून जातं.

व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याशी सुरू करा. ओटा धरून टाचा उचलणं, एका रेषेत पावलं ठेवून उभं राहणं, आणि खुर्चीतून उठ-बस, सुरुवातीला पाचच वेळा. मागे खुर्ची आणि शेजारी तुम्ही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने वयस्कांसाठी घरी करायचा असाच व्यायामक्रम बसवला, त्याने पडणं खरंच कमी झालं. जवळच्या फिजिओकडून एकदा नीट शिकून घ्या. ते एक चाचणी घेतील: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं धरतात. तोच आकडा पुढे उतरताना दिसला की आईंनाही धीर येईल.

प्रतिसाद २

माझं वय ८१. मी पडलो तेव्हा दुखापतीपेक्षा दीड तास जमिनीवर पडून राहिलो, ते मनात बसलं. मला व्यायामाइतकाच उपयोग झाला तो उठायला शिकण्याचा. कुशीवर वळायचं, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, तिच्यावर हात टेकून आधी एक पाऊल रोवायचं, मग उठायचं. खूप दुखत असेल तर मात्र उठायचं नाही, मदत बोलवायची. मी मोबाईल खिशात ठेवतो, त्यात मुलाचा नंबर आणि १०८. आईंच्या गाऊनला खिसा शिवून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल बीपी मोजलं. झोपून १४२, उभं राहिल्यावर ११६! आई म्हणाली, "उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते गं, पण तुम्हाला कशाला सांगायचं." गुरुवारी डॉक्टरांकडे नेतेय, गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन. तोवर चक्कर येत नसेल तेव्हाच ओट्याशी उभी करतेय. आज टाचा चार वेळा उचलल्या, आणि मुलीला आम्ही ताट आणून द्यायचं नाही असं सांगितलंय.

काका, एक विचारायचं होतं. उठण्याचा सराव तुम्ही चटईवर केलात की गादीवर? आईला जमिनीवर बसवायचं म्हटलं तरी तिचे हात थरथरतात.