मदत हवी आहे: कौलारू घराची पन्हळ मोठ्या सरीत भरून वाहते, चिऱ्याच्या भिंतीला ओल

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, आणि मागे एका टोकाला नंतर काटकोनात काढलेलं स्वयंपाकघर. दोन छपरं मिळतात त्या खोबणीत पत्रा घातला आहे. मागच्या अंगाला सहा इंची पत्र्याची पन्हळ आहे आणि तिच्या एका टोकाला तीन इंची पीव्हीसी पाइप. दोन्ही छपरांचं पाणी याच एका पाइपाने उतरतं.

रिमझिम असली की सगळं ठीक चालतं. आषाढातली मोठी सर आली की खोबणीतलं पाणी पन्हळीवरून थेट पलीकडे उडतं. उरलेली पन्हळही तुडुंब होते आणि भिंतीकडच्या काठाने सांडते. ते पाणी आधी वाशांच्या टोकांवर आणि तिथून भिंतीवर. गणपतीत गेलो तेव्हा माजघराची भिंत कमरेइतकी ओली होती आणि कोपऱ्यातल्या वाशाचं टोक नखाने खरवडलं तर भुसा निघाला. आई तिथेच राहते, तिला दम्याचा त्रास आहे, म्हणून पुढच्या मृगाआधी हे काम नक्की करायचं आहे.

मापं (जमिनीवरची, उताराची नव्हेत): जुन्या घराचा मागचा भाग १२ बाय ४ मीटर, स्वयंपाकघराचा ६ बाय ३ मीटर.

पत्र्याचं काम करणारे म्हणतात, आठ इंची पन्हळ लावा. काका म्हणतात, पन्हळ काढूनच टाका, पूर्वी पागोळ्या सरळ अंगणात पडायच्या आणि भिंतींना काही झालं नाही. कोणाचं ऐकू?

नळजोड:
आधी पाइप बघा, पन्हळ नंतर. तुमचं क्षेत्र ४८ अधिक १८, म्हणजे ६६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाची सर धरली (कोकणात थोडा वेळ असा पाऊस सहज पडतो) तर मिनिटाला ११० लिटर पाणी येतं. आपल्याकडे पाइप ठरवायला जो तक्ता वापरतात, त्यात या वेगाला तीन इंची पाइप सुमारे २० चौरस मीटर छपराला पुरतो आणि चार इंची सुमारे ४२ चौरस मीटरला. तुमच्या पाइपावर तिपटीहून जास्त भार आहे. नुसती आठ इंची पन्हळ लावलीत तर ती थोडी उशिरा भरेल, पण भरेलच.

दोन टोकांना दोन चार इंची पाइप द्या आणि पन्हळीला मधून दोन्हीकडे ढाळ द्या, दहा फुटाला अर्धा इंच तरी. पाणी दोन वाटांनी गेलं की पन्हळीवरचा ताणही निम्मा होतो.

दिवसभराच्या आकड्यांवरून पाइप ठरवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, पण त्याची ताशी सरासरी काढली तर ४० सुद्धा होत नाही. पन्हळ भरते ती दहा-पंधरा मिनिटांच्या जोरात.

पडवीतला:
काकांचं म्हणणं उडवून लावू नका. जुन्या घरांना पन्हळ नव्हती कारण वळचण भिंतीपासून चांगली पुढे असायची आणि पागोळीच्या रेषेत दगड लावलेला असायचा. तुमची मागची वळचण किती आहे?

प्रश्नकर्ता:
पुढे अडीच-तीन फूट आहे. मागे स्वयंपाकघर काढताना वासे कापले, आता जेमतेम फूटभर.

पडवीतला:
मग मागे पन्हळ हवीच. फूटभर वळचणीची पागोळी जोत्याशी पडते, तांबडी माती उडते आणि चिरा ते पाणी पिऊन घेतो. पुढची बाजू मात्र आहे तशीच राहू द्या.

दोन गोष्टी कारागिराकडून उभं राहून करून घ्या. पन्हळीचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा बोटभर खाली हवा, म्हणजे कधी भरलीच तरी पाणी अंगणात सांडेल, वाशांवर नाही. आणि खोबणी जिथे संपते तिथे पन्हळीच्या बाहेरच्या काठावर दोन्ही बाजूंना हात-हातभर उभा पत्रा मारा. दोन छपरांचं पाणी तिथे एका धारेने येतं, ते अडवलं तरच पन्हळीत पडेल. तेवढ्या तुकड्यापुरता काठ उंच झाला तरी बाकी पन्हळीचा बाहेरचा काठ खालीच ठेवा.

कुजलेलं वाशाचं टोक आधी बदला. पन्हळीचे आकडे त्यालाच ठोकलेले असतील तर भरलेल्या पन्हळीचं वजन ते पेलणार नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. दुसरा पाइप ज्या टोकाला येईल तिथे विहीर आहे. पाणी तिच्यात सोडू का?

नळजोड:
थेट नको. कौलांवरचं शेवाळ आणि पक्ष्यांची घाण पहिल्या पावसात धुऊन येते, आणि आई ते पाणी पीत असणार. पाइपाखाली फरशी टाका, तिथून दगडी पाट काढून पाणी विहिरीपासून लांब, उताराकडे न्या. पाइपाच्या तोंडाला सपाट जाळी बसवू नका, एका पानाने तुंबते. घुमटासारखी उभी जाळी मिळते, ती घ्या. आणि पन्हळ साफ करायला माणूस मे महिन्यातच सांगून ठेवा, पाऊस लागल्यावर शेवाळलेल्या कौलांवर कोणाला चढवू नका.