इन्क्युबेटर सगळ्यांसाठी, पण अर्ज भरायचा कोणी?

कट्टेकरी:
एका विद्यापीठाच्या इन्क्युबेटरने, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्राने, 'सर्वसमावेशक सामाजिक उद्योजकता' असा कार्यक्रम काढलाय. आमच्या गल्लीतल्या एक ताई चौघींच्या गटात जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांच्यासाठी अर्ज भरायला बसलो. पहिलाच रकाना कंपनीच्या नोंदणी क्रमांकाचा. पुढे 'टीआरएल', म्हणजे तुमचं तंत्रज्ञान एक ते नऊपैकी कितव्या पायरीवर आहे. ताई म्हणाल्या, "सुईदोऱ्याची कितवी पायरी लिहिता?" मी लॅपटॉप मिटला.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना हे काम नवीन नाही, म्हणून जास्त राग येतो. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका कचरा वेचणाऱ्या बायका-मुलींमध्ये साक्षरतेचं काम करत होत्या. त्यातून, बाबा आढावांच्या साथीने, 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. ओळखपत्रं आली. 2008 पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते आणि घरटी महिन्याचं शुल्क घेते. हा उद्योग नाही तर काय? यात पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्स, कोणी मागितल्या होत्या?

माझं म्हणणं एवढंच: विद्यापीठाने आधी वस्तीत जावं, अर्ज नंतर छापावा.

हिशेबनीस:
गोधडीचं ऐकून वाईट वाटलं, पण गाऱ्हाणं चुकीच्या दारात मांडताय. मी एका इन्क्युबेटरचे हिशेब बघतो. केंद्र सरकारचा 945 कोटींचा सीड फंड, म्हणजे स्टार्टअपना सुरुवातीला द्यायचा पैसा, 2021 मध्ये आला. त्यातून नमुना तयार करायला 20 लाखांपर्यंत अनुदान देता येतं, पण डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याची, स्टार्टअप म्हणून मान्यता लागते आणि अर्जाच्या दिवशी नोंदणीला दोन वर्षं उलटून गेलेली चालत नाहीत. ही अट आम्ही घातलेली नाही. उद्या ऑडिटर बसला की त्याला काय दाखवू, 'ताई फार कष्टाळू आहेत'?

आणि 'स्वच्छ'चं उदाहरण इथे लागू नाही. त्यामागे कष्टकरी पंचायत होती. ती संघटना होती, तिने हक्कांसाठी भांडून जागा मिळवली. इन्क्युबेटरने मोर्चे काढायचे का? बचत गटांसाठी राज्याचं उमेद अभियान आहे, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) तर 1975 पासून आहे. प्रत्येक खात्याने प्रत्येक काम करायला घेतलं की कुठलंच धड होत नाही.

पांढरीकाठी:
अर्जाची गंमत माझ्याकडूनही ऐका. मी पूर्ण अंध आहे. एका इन्क्युबेटरची माहितीपत्रिका उघडली तर ती स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे माझ्या स्क्रीन रीडरच्या लेखी कोरा कागद. पोर्टलवर गेलो तर चित्रातली अक्षरं ओळखा. पुतण्याला बोलावून ती भरली, तर तोवर सेशन संपलं. विषय होता 'दिव्यांगांसाठी नवोपक्रम'. 😄 अपंगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, सुगम्यतेचं कलम त्यात आहे. वेबसाइट नीट करायला काही टीआरएल नऊ लागत नाही.

तरीही मी हिशेबनीसांच्या बाजूने थोडा आहे. आयआयटी मद्रासच्या टीटीके पुनर्वसन केंद्रातून निओमोशन निघाली. तिची व्हीलचेअर माणसाच्या मापाने बनते, आणि पुढे मोटरचा भाग जोडला की तीच खुर्ची रस्त्यावर धावते. हे काम वस्तीतल्या सभेत होत नाही. त्याला कार्यशाळा लागते, चाचण्या लागतात, आणि वापरणारे लोक मोडतोड सांगायला वर्षानुवर्षं हाताशी लागतात. तेव्हा प्रयोगशाळेला नावं ठेवू नका. तिच्या पायऱ्यांना ठेवा.

पाटावरवंटा:
आमच्या गटाचा अनुभव सांगते, दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. आम्ही नऊजणी जवसाची चटणी करतो, विदर्भात. एका विद्यापीठाच्या स्पर्धेत पाच मिनिटं बोलायचं होतं, इंग्रजीत केलं तर 'अधिक चांगलं'. आमची अध्यक्ष तिसऱ्या मिनिटाला थांबली ती थांबलीच. परीक्षकांनी विचारलं, स्केल कसं करणार, म्हणजे धंदा मोठा कसा करणार? घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

पण त्याच दिवशी बाहेर चहा घेताना अन्नतंत्र विभागाच्या एका मॅडमनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. आतून तेलाचा ओघळ दिसत होता. "महिन्याभरात खवट लागते ना?" म्हणाल्या. लागायचीच! दुकानदार परत पाठवायचे. त्यांनी सांगितलं, जवसातलं तेल हवेने आणि उजेडाने फार लवकर खराब होतं, कुटल्यावर तर आणखीच. पारदर्शक पिशवी बंद करा, आतून चंदेरी फॉइल असलेलं पाकीट घ्या, दाणे गार झाल्याशिवाय कुटू नका आणि एकदम मोठा घाणा काढू नका. ओलावा त्यांनी विभागातच मोजून दिला. आता परत येणारी पाकिटं क्वचितच.

मॅडम इन्क्युबेटरच्या नव्हत्याच. स्पर्धेत आम्ही बाद, आणि विद्यापीठाचा खरा उपयोग चहाच्या टपरीवर.

हिशेबनीस:
पाटावरवंटा ताई, हे मान्य. विभागात बसलेलं ज्ञान आमच्या कार्यक्रमात येत नाही, कारण आमच्याकडून वर्षाअखेर विचारतात ते किती स्टार्टअप, किती गुंतवणूक, किती नोकऱ्या. 'किती पाकिटं खवट व्हायची थांबली' असा रकाना नाही.

तुमच्या गटाने उत्पादक कंपनी का केली नाही? दहा उत्पादक सभासद लागतात, तुम्ही नऊ आहात. एक जाऊबाई घ्या की.

पाटावरवंटा:
जाऊबाईच तर नकोय. 😂 आणि दर वर्षीचा सीएचा खर्च कोण देणार? नऊजणींच्या नफ्यात तो एकटाच दहावा सभासद होऊन बसेल.

निळीशाई:
पैशाचा विषय निघालाच आहे तर एक बाजू राहतेय. समावेशक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चटणी आणि गोधडीच का येते? आमच्या पोरांनी ड्रोन, सॉफ्टवेअर करायचं नाही का? डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना पुण्यातच 2005 मध्ये सुरू झाली, 'नोकऱ्या मागणारे नव्हे, देणारे' म्हणत. सप्टेंबर 2020 मध्ये आंबेडकर सामाजिक नवोपक्रम मिशन आलं: शिक्षणसंस्थांच्या इन्क्युबेटरमधल्या अनुसूचित जातीच्या तरुणांना तीन वर्षांत 30 लाख, भागभांडवल म्हणून. कर्ज नाही, तारण नाही. ज्याच्या बापाच्या नावावर सातबारा नाही त्याला हा फरक विचारा.

पण ते 30 लाख मिळायला आधी इन्क्युबेटरच्या आत असावं लागतं. म्हणून अर्ज फाडून वस्तीत जा, हे कट्टेकरींचं म्हणणं मला पटत नाही. वस्तीत येणारे खूप झाले. आम्हाला आत यायचंय.

कट्टेकरी:
निळीशाई, हे लागलं. मी गोधडीच्याच चष्म्यातून बघत होतो, कबूल.

हिशेबनीस, तुमच्या 'ती संघटना होती' यावर मात्र अडून राहतो. 1993 ते 2008 मोजा, पंधरा वर्षं झाली. तुमच्याकडे उद्योजकांच्या एका तुकडीला किती वेळ देता?

हिशेबनीस:
अठरा महिने. फार तर तीन वर्षं. आणि पंधरा वर्षांचा निधी कोणी देत नाही, एसएनडीटीत तरी त्या प्राध्यापिकांचा पगार विभागातून निघत होता. कायम नोकरीतले शिक्षक होते म्हणून ते जमलं. आज निम्मं काम सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर, त्यांना तासांचे पैसे वेळेवर मिळाले तरी पुष्कळ. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्याला स्वतंत्र संचालक दिला खरा. वस्तीत जाणारा माणूस दिला नाही.

पांढरीकाठी:
मग भांडण इन्क्युबेटरशी नाहीच, भरतीशी आहे.

हिशेबनीस:
ते दुसऱ्या धाग्यात घ्या, इथे रात्र पुरणार नाही. कट्टेकरी, गोधडीवाल्या ताईंना आमच्याकडे पाठवा. पैसे देता येणार नाहीत, आधीच सांगतो. पण वस्त्रविभागात धुलाईची चाचणी होते, रंग जातो का, शिवण कुठे उसवते ते कळेल.

कट्टेकरी:
सोमवारी चालेल?

हिशेबनीस:
सोमवारी नको, पिच स्पर्धा आहे. मंगळवारी अकराला. नवी कोरी आणू नका म्हणावं, दोन-तीन पावसाळे वापरलेली आणा.