आईच्या घोट्यातली प्लेट काढावी की राहू द्यावी? (नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, कारण अर्ध्या माहितीवर कोणी सल्ला द्यावा असं वाटत नाही.

आई ५७ वर्षांची, आम्ही सक्करदऱ्याकडे राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अंगणातल्या ओल्या फरशीवर पाय मुरगळला आणि उजवा घोटा मोडला. बाहेरचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, तिरपं तुटलं होतं आणि आतल्या घोट्याचा उंचवटाही सुटला होता. ऑपरेशन झालं. बाहेरून पातळ प्लेट आणि स्क्रू, आतून दोन लांब स्क्रू. हाड छान जुळलं. आता आई जिना चढते, बुधवार बाजारातून पिशव्या भरून आणते, लंगडत अजिबात नाही.

अडचण आहे मांडीची. मांडी घातली की बाहेरचा घोटा बरोबर जमिनीवर टेकतो आणि प्लेट नेमकी तिथेच, कातडीला लागून. आई उन्हाळ्यात वाळवणाच्या ऑर्डरी घेते. कुरडया, सरगुंडे, पापड, सगळं खाली बसूनच. पाट घेऊन, घोट्याखाली उशी ठेवून, पाय लांब करून, सगळं करून पाहिलं, पण सोऱ्या दाबायला जोर लागतो आणि तो जोर मांडी घातल्याशिवाय येत नाही. बसून उठली की मी घोटा बघते. व्रणाच्या खालच्या टोकाला दोन स्क्रूंची डोकी बोटाला स्पष्ट लागतात, त्यांच्यावरची कातडी लाल आणि चकचकीत झालेली असते. तासाभराने लाली जाते. सँडलचा पट्टाही तिथेच घासतो. पू, पाणी, ताप असं कधीच काही नाही.

याशिवाय डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पूर्ण घोटा आतून ठणकतो, सकाळी आखडलेला असतो.

ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, त्रास सहन होत असेल तर हात लावू नका." रामदासपेठेत दुसरे दाखवले, ते म्हणाले, "काढून टाका, छोटं काम आहे." शेजारच्या काकू म्हणतात लोखंड अंगात गंजतं, पुढे कॅन्सर होतो. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणतो लगेच काढ. आणि आई म्हणते, "आता कायले पुन्हा चिराफाड? हाय तसं राहू दे." पण मार्चमध्ये कुरडया सुरू झाल्या की तीच रात्री घोट्याला तेल चोळत बसते, हे मला बघवत नाही.

आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, मागचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.९ होता. बीपीची एक गोळी आहे. रक्त पातळ करायची गोळी नाही.

कोणी घोट्याची प्लेट काढली आहे का? काढल्यावर खरंच फरक पडला का? शुगरवाल्या माणसाने हे करावं का? आणि करायचंच तर वाळवणाच्या आधी उरकेल का?

प्रतिसाद १

ताई, आधी काकूंची भीती काढून टाका. प्लेट साध्या लोखंडाची नसते. एकतर टायटॅनियम, नाहीतर ३१६एल जातीचं स्टेनलेस स्टील, ज्यात क्रोमियम आणि निकेल असतं आणि वर गंज रोखणारा पातळ थर आपोआप धरतो. कॅन्सरच्या भीतीने कोणताही हाडाचा डॉक्टर प्लेट काढत नाही. निकेलची ॲलर्जी काहींना असते, पण ती वेगळी गोष्ट आणि क्वचित.

माझ्या डाव्या हाताच्या दोन्ही हाडांत प्लेटा आहेत, कित्येक वर्षांपासून. काढायची चौकशी केली तेव्हा डॉक्टरांनी सरळ नाही सांगितलं. कोपराखाली नस अगदी जवळून जाते, पहिल्या ऑपरेशननंतर ती व्रणात अडकलेली असते, काढताना दुखावली तर बोटं उचलेनाशी होतात. शिवाय स्क्रू निघाल्यावर हाडात भोकं राहतात आणि ती भरेपर्यंत हात पुन्हा मोडू शकतो. मला त्रास नव्हता, म्हणून ठेवल्या. तुमच्या आईंचं तसं नाही, त्यांना त्रास आहे.

प्रतिसाद २

मी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या, हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून नोकरी केली आहे, आता निवृत्त. डॉक्टर नाही, त्यामुळे हे डॉक्टरांना विचारायचे मुद्दे म्हणूनच घ्या.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. मोठ्या माणसाचं हाड जुळलं, त्रास नाही, तर नियम म्हणून प्लेट काढत नाहीत. त्रास असेल तर काढतात. सगळं यावर ठरतं की दुखणं नेमकं धातूवर आहे की सांध्यात.

तुम्ही दोन दुखणी लिहिली आहेत आणि ती एक धरू नका. मांडी घालताना रुततं, सँडल घासते, स्क्रूवर बोट दाबलं की आई "हाय" करते, हे प्लेटचं दुखणं. प्लेट निघाली की ते जाण्याची आशा चांगली. थंडीत आतून ठणकणं, सकाळचा आखडलेपणा, हे बहुतेक सांध्याचं. घोटा मोडतो तेव्हा आतल्या कूर्चेलाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरालाही, मार बसतो, आणि ते दुखणं प्लेट काढल्यावर तसंच राहील. पुष्कळ लोक ऑपरेशननंतर नाराज होतात ते याच कारणाने, कारण त्यांनी थंडीचं दुखणं जाईल म्हणून प्लेट काढलेली असते. शंका वाटली तर काही डॉक्टर प्लेटवर भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. ते दिल्यावर मांडी सुखाने जमली तर उत्तर मिळालं.

घोट्याच्या बाहेरच्या प्लेटा काढायला तशा सोप्या, वर मांस नसतं. पण तेच कारण उलटही लागतं. वर मांस नाही म्हणून जखम भरायला नाजूक, आणि शुगर असेल तर जास्तच. ७.९ म्हणजे उंबरठ्यावर. बरेच डॉक्टर साडेसात-आठच्या आत आणून मगच हात लावतात, कारण हे ऑपरेशन तातडीचं नाही. तीन महिने पथ्य, फिरणं, गोळ्या नीट, मग पुन्हा तपासणी. याची घाई कोणी करत असेल तर ऐकू नका. आणि पायावर फिरणारी एक कातडीची नस त्या व्रणाजवळून जाते. ती दुखावली तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या किंवा बधिरपणा राहतो. हा धोका आईंना आधी स्पष्ट सांगायला हवा.

प्रतिसाद ३

माझ्या मिस्टरांच्या नडगीची प्लेट काढताना दोन स्क्रूंची खाच घासली गेली. पाना फिरे, स्क्रू जागचा हलेना. तासाभराचं काम खूप लांबलं, शेवटी एक तुकडा आतच ठेवला. डॉक्टरांनी नंतर समजावलं की लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत बसतं, टायटॅनियम असेल तर ते दोन्ही घट्ट धरून बसतात. तुकडा राहिल्याने त्यांना काही त्रास नाही, पण आम्हाला आधी माहीत असतं तर इतके घाबरलो नसतो.

म्हणून सांगते, जुनी फाईल काढा. ऑपरेशन नोटच्या पानावर छोटी स्टिकरं चिकटवलेली असतात, त्यावर कंपनी, माप आणि बॅच लिहिलेली असते. नव्या डॉक्टरांना ती दाखवा, म्हणजे योग्य पाना आणि अडकलेला स्क्रू काढायचं सामान ते आधीच मागवून ठेवतील.

प्रतिसाद ४

लहान मुलांचं गणित वेगळं असतं हो, वाचणाऱ्यांनी गोंधळू नये. माझ्या मुलाच्या मांडीतल्या लवचिक सळया हाड जुळल्यावर काढल्या, कारण हाड वाढत असतं. मोठ्यांना ते लागू नाही.

एमआरआयची काळजी करू नका. हल्लीच्या प्लेटांवर तो साधारणपणे होतो, फक्त आधी सांगायचं. त्या भागाचं चित्र थोडं बिघडतं.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. नर्स काकू, तुम्ही दोन दुखणी वेगळी केलीत तिथेच माझा निम्मा गुंता सुटला.

फाईल सापडली, स्टिकरं शाबूत आहेत. वन-थर्ड ट्युब्युलर (नळीच्या तिसऱ्या भागासारखी वळलेली, पातळ) स्टीलची प्लेट, साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू. पहिल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. या वेळी मी "काढू का" असं विचारलं नाही, आईला त्यांच्यासमोर चटईवर मांडी घालून बसवलं. त्यांनी खाली वाकून घोटा पाहिला, दोन स्क्रूंवर बोट दाबलं आणि आईने पाय ओढून घेतला. मग नवा एक्स-रे काढला. स्क्रू सैल नाहीत, हाडाची रेघ पूर्ण भरलेली आहे, सांध्यातली फट मात्र आतल्या बाजूने थोडी कमी झाली आहे. तेच ते थंडीचं दुखणं.

त्यांनी सांगितलं की बाहेरची प्लेट काढू, आतले दोन स्क्रू रुतत नाहीत, त्यांना कशाला हात लावायचा. कमरेतून भूल, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. वॉकर धरून लगेच पाय टेकवता येईल, टाके निघायला साधारण दोन आठवडे. पण सहा आठवडे पाय मुरगळेल असं काही नको, ओल्या फरशीवर तर बिलकुल नको, भोकं पूर्ण भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि अट एकच, एचबीए१सी साडेसातच्या खाली.

म्हणजे या वाळवणाच्या आधी होणार नाही. आई एकदम खूश, तिला वाटतं टळलं. मी तिला सांगितलंय की टळलेलं नाही, पुढे ढकललंय. यंदा कुरडयांच्या ऑर्डरी निम्म्याच घ्यायच्या, सोऱ्यावर मी बसेन, आणि घोट्याभोवती मधे भोक पाडलेल्या फोमची चकती बांधायची, स्क्रू त्या भोकात येतील अशी. काल बांधून पाहिली, आई पंगतीला बसून पूर्ण जेवली आणि पाय एकदाही हलवला नाही. चकतीने पुरेसं भागलं तर ऑपरेशनची गरज आहे का, हे पावसाळ्यानंतर पुन्हा बघू, असं डॉक्टरही म्हणाले.

आता एकच विचारायचं राहिलं. आमचं केशरी रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजनेत प्लेट काढण्याचं बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना (योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्यांना) विचारणार आहेच, पण नागपुरात कोणी यातून हे करून घेतलं असेल तर कागद कोणते लागले ते सांगा. नर्स काकू, जुनी ऑपरेशनची फाईल तिथे मूळ द्यावी लागते की झेरॉक्स चालते?

प्रतिसाद २

झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा आणि हातातून सोडू नका. एक्स-रेच्या फिल्मा मात्र दोन्ही न्या, जुळायच्या आधीची आणि आताची. आणि चकतीखालची कातडी रोज रात्री बघत जा. शुगरवाल्यांना घासलेलं लवकर कळत नाही. लाली तासाभरात गेली नाही किंवा कातडी फाटली, तर पावसाळ्याची वाट न बघता लगेच दाखवायचं.