हॉलच्या भिंतीवर खेळणी मांडायची आहेत: लाकडी की प्लॅस्टिकची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भिंत एक आणि मतं तीन, अशी आमच्या घरची सध्याची परिस्थिती आहे. जरा सोडवायला मदत करा.

आम्ही वसईत राहतो, तिसरा मजला. मागच्या वर्षी रंगकाम केलं तेव्हा सोफ्यामागची साडेसहा फुटांची भिंत मी मुद्दाम मोकळी ठेवली. तिथे फ्रेमा, खोट्या वेली, इंग्रजी सुविचाराच्या पाट्या असलं काही नको होतं. तिथे खेळणी मांडायची आहेत. काचेआड नाही, उघड्या फळ्यांवर. लेक सव्वादोन वर्षांची आहे. तिने उचलून घेतलं तरी कुणाच्या पोटात गोळा येऊ नये, एवढीच माझी अट.

माझ्याकडे आजीची भातुकली आहे. कातीव लाकडाची (यंत्रावर फिरवून घडवलेली), लाखेच्या रंगाची: जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, चूल, दोन तांबे आणि झाकण हरवलेला एक डबा. आजीचं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे एक ठकीपण आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, ठकी म्हणजे लाकडात कोरून रंगवलेली आपल्याकडची जुनी बाहुली. हिचे डोळे पार पुसले गेलेत. साबा (सासूबाई) म्हणतात, रात्री पाणी प्यायला उठलं की तिच्याकडे बघवत नाही. मामाने कधीतरी हौसेने तिच्या लुगड्यावर हिरवा ऑइलपेंट मारून ठेवलाय, तो वेगळाच.

नवऱ्याचं म्हणणं, प्लॅस्टिक. त्याने माळ्यावरून त्याची लहानपणीची ठोकळ्यांची पेटी आणि जुन्या गाड्या उतरवल्या आहेत. ठोकळ्यांचं मोठं चित्र करून भिंतीवर लावायचं आणि गाड्या निम्म्या कापून त्यांच्या खुंट्या करायच्या, असा बेत आहे. (गाड्या कापायच्या म्हटल्यावर स्वतःच दोन दिवस गप्प होता, हे इथे नोंदवून ठेवते.) त्याचा मुद्दा साधा: धुता येतं, वाळवी लागत नाही, तुटलं तर दुसरं आणता येतं. साबांचं मत, दोन्ही नको, तिथे टीव्ही हलवा.

अडचणी अशा. भिंतीचा डावा तिसरा भाग बाथरूमला लागून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ओल दिसते, हात लावला की गार लागतो. उजवीकडे पश्चिमेची खिडकी, दुपारी तीनपासून मावळेपर्यंत ऊन थेट भिंतीवर. म्हणजे एकीकडे बुरशी आणि दुसरीकडे भाजणी.

शिवाय माझा एक पराक्रम. लेकीला कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या रंगीत लाकडी रिंगा भेट आल्या होत्या. तिला सर्दी झाली म्हणून मी त्या सॅनिटायझरने पुसल्या. फडकं लाल झालं, रिंग चिकट झाली आणि तिची सगळी चकाकी गेली. विकणाऱ्याने तर 'नैसर्गिक, लहान मुलांसाठी सुरक्षित' म्हणून दिल्या होत्या. मग हा रंग कच्चा होता का? तोंडात घातलं तर काय? तेव्हापासून लाकडाची बाजू मांडताना माझाच आवाज खाली आलाय.

बजेट फळ्यांसकट ८-१० हजार. नवीन चार-पाच वस्तू घ्यायची तयारी आहे. लाकडी घेतल्या तर पावसाळ्यात काय करायचं? प्लॅस्टिक घेतलं तर दोन वर्षांनी ते भंगारासारखं दिसेल का? आणि दोन्ही एकत्र चांगलं दिसतं का, हा प्रश्न मी घरात विचारायचा बंद केलाय, म्हणून इथे विचारते.

– भिंगरी

प्रतिसाद: रसायनवाला

भिंगरीताई, रंग कच्चा नव्हता, पुसायचं औषध चुकलं. चन्नपट्टणला लाकूड यंत्रावर गरगर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पातीने दाबून चकाकी आणतात. लाख पाण्याला बरीच दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये भिजवूनच पॉलिश करतो ना, तेच. सॅनिटायझर म्हणजे बहुतांश अल्कोहोल. तुम्ही पॉलिश उलटं केलंत इतकंच. कोरडं किंवा घट्ट पिळलेलं ओलसर फडकं, लगेच पुसून कोरडं करणं, बस. दिव्याखाली किंवा गरम ठिकाणीपण ठेवू नका, लाख मऊ पडते.

उन्हाबद्दल. यात कुणाचीच बाजू घेता येत नाही. लाखेत हळदीचा पिवळा असेल तर तो उन्हाने फिका पडतो. आणि तुमच्या यजमानांचे ठोकळे बहुधा एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकचे असतील, त्यातले पांढरे आणि राखाडी उन्हाने पिवळे पडतात. एकाचा पिवळा जातो, दुसऱ्याला पिवळा येतो. आधी पडदा घ्या, मग खेळणी.

प्लॅस्टिक म्हणजे एकच वस्तू नाही, हेही यजमानांना सांगा. मऊ बाहुल्या आणि रबरासारखे प्राणी पीव्हीसीचे असतात. त्यांतलं मऊपणा देणारं रसायन वर्षांनी बाहेर यायला लागतं आणि ते चिकट होतात. तसा प्राणी पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकला चिकटून राहिला तर तिथे खड्डा पडतो. पेटीत डांबरगोळ्या टाकल्या असतील तर तपासा, पॉलिस्टायरीन त्यानेही खराब होतं.

आणि जुन्या लाल-पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये कॅडमियम, शिसं असू शकतं. भिंतीवर लावायला हरकत नाही. कापू मात्र नका. भुगा उडतो आणि घरात लहान मूल आहे. खुंट्यांचा बेत रद्द करायला हे कारण पुरेसं आहे.

प्रतिसाद: दे_धक्का_नको

प्लॅस्टिक घ्या, धुवा, विसरा. सव्वादोन वर्षांच्या मुलीला पांगाऱ्याचं लाकूड आणि पीव्हीसी यांतला फरक कळत नाही.

प्रतिसाद: पाऊसवेडी, कुडाळ

मी सावंतवाडीच्या शेजारची, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगते.

आमच्याकडची जुनी खेळणी पांगाऱ्याची. हलकं, कोरायला मऊ, मुलाच्या पायावर पडलं तरी लागत नाही. आता आंब्याचं लाकूडही वापरतात. पण पांगारा जितका हलका तितकाच किड्याला आवडता. आजीच्या भातुकलीखाली कधी पिवळसर बारीक पीठ पडलेलं दिसलं का? टाचणीच्या डोक्याएवढी भोकं? असतील तर ती वस्तू आधी वेगळी काढा, बाकीच्यांना लागेल. वाळवी वेगळी आणि हा भुंगा वेगळा. वाळवी भिंतीतून येते, हा लाकडातच जन्म घेतो. रंगाच्या खाली पोखरत असतो, वरून ठकी छान हसत असते.

ओलीच्या भागात लाकूड लावूच नका. बाकी भिंतीवर फळी मारताना मागे बोटभर जागा सोडा, वारा खेळला पाहिजे. आमच्या घरी पावसाचे चार महिने लाकडी फळं फडक्यात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात जातात आणि गणपतीला बाहेर येतात. माटवीखालच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट) खऱ्या फळांशेजारी ती ठेवली की दरवर्षी एक तरी पाहुणा फसतो. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडा, वस्तू गॅलरीत नेऊन, आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलंत तर तडकेल.

खरेदीला सावंतवाडीला आलात तर चितार आळीत जा. स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा. राजवाड्यातही कारागीर गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा, त्यातली चार-पाच पानं सुटी मिळाली तर भिंतीवर काय दिसतील! अर्थात ती उन्हाच्या बाजूला नको.

प्रतिसाद: म्हैसूर_रोड

चन्नपट्टण माझ्या जाण्या-येण्याच्या वाटेवर आहे, बंगळूरपासून साधारण ६० किलोमीटर. तिथलं मूळ लाकूड आले मर, म्हणजे आपला काळा कुडा. पांढरं, घट्ट, बारीक पोताचं. पांगाऱ्यापेक्षा टिकाऊ.

पण हायवेवरच्या दुकानांत सगळंच तिथलं नसतं. मी एकदा 'हाताने केलेला' म्हणून टांगायचा हत्ती घेतला, घरी आणून खालचा कागद सोलला तर आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड. ओळखायचं असेल तर वस्तू उलटी करा. कातीव वस्तूला बुडाशी यंत्रात धरल्याची खूण किंवा बारीक गोल रेषा दिसतात, आणि एकाच रंगाच्या दोन वस्तूंत छटेचा थोडा फरक असतो. एमडीएफला बुडाशी रेषा नसतात, दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा रंग असतो. तुमच्या ओल्या भिंतीवर ते एका पावसाळ्यात फुगेल. लाकूड घेतेय असं समजून एमडीएफ घेण्यापेक्षा सरळ प्लॅस्टिक घ्या.

प्रतिसाद: दोन_पोरांची_आई

मला मूळ प्रश्नच जरा चुकलाय असं वाटतं. लाकूड की प्लॅस्टिक यापेक्षा 'तिच्या हाताला येणारं' आणि 'न येणारं' अशी वाटणी करा.

टॉयलेट रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू तिच्यातून आत जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. पैजेवर सांगते, आजीच्या भातुकलीतलं मुसळ आणि लाटणं जाणार. अस्सल, नैसर्गिक, आजीचं, सगळं खरं, पण घशात अडकायला तेवढं पुरतं.

मामाचा ऑइलपेंट मला त्याहून खटकतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण सांगणार? ठकी वरच्या फळीवर. खरवडायला जाऊ नका, पापुद्रे उडतात.

नवीन घेताना आणखी एक. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, पण ते खेळणं म्हणून विकलं तर. तीच गाडी 'शोभेची वस्तू' म्हणून ऑनलाइन विकली की तिला ती चाचणी लागत नाही. दिसायला खेळण्यासारखी, मूल खेळणारच, आणि रंग कसला ते कुणालाच ठाऊक नाही. भिंतीवर लावायचंय म्हणून सजावटीच्या विभागातून घेऊ नका, खेळण्यांच्या विभागातून घ्या. नोंदणीकृत हस्तकारागिरांना मात्र या नियमातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या बैलगाडीवर चिन्ह दिसलं नाही म्हणून घाबरू नका. तिथे रंग कोणता वापरला ते सरळ विचारा. कारागीर समोर असतो, हा तिथला फायदा.

भिंगरी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी आम्ही दोघं नळी घेऊन बसलो. मुसळ गेलं. लाटणं गेलं. जात्याचा खुंटासुद्धा गेला, तो उपटून निघतो हे मला आजवर माहीतच नव्हतं. नवऱ्याच्या पेटीतले तर तीन चतुर्थांश ठोकळे गेले, तेव्हा त्यानेही फार हसायचं कारण नाही. डांबरगोळ्याही सापडल्या, एका पारदर्शक विमानाला खालून चिकटलेल्या. विमानाचं पोट दुधाळ झालंय.

पीठ एका तांब्याखाली दिसलं. तो पिशवीत बांधून गॅलरीत ठेवलाय. त्याचं काय करायचं ते ठरत नाही.

सध्याचा बेत: खिडकीला जाड पडदा, हे पहिलं. बाथरूमकडच्या भागात ठोकळ्यांचं चित्र, भिंतीपासून जरा सुटं, कारण ओलीने त्याचं काही बिघडत नाही आणि ऊनही तिथवर पोचत नाही. (चित्र कशाचं यावर नवा वाद सुरू आहे. तो आगगाडी म्हणतोय.) मधल्या भागात वरच्या दोन फळ्यांवर भातुकली आणि ठकी. खालच्या फळीवर लेकीचं राज्य: चन्नपट्टणच्या मोठ्या रिंगा, त्या बिनचमकेच्या रिंगेसकट, आणि नवीन मोठे ठोकळे. गाड्या कापायच्या नाहीत, यावर एकमत झालं. नवरा सुटल्यासारखा दिसला.

दिवाळीत सावंतवाडीला जाऊन बैलगाडी आणि थोडी फळं आणायचं ठरतंय. त्यावरून शेवटचा प्रश्न, पाऊसवेडीताई, तुम्हालाच. ठकी बरोबर आणली तर चितार आळीत तिचे डोळे कुणी नव्याने काढून देईल का? साबांचा हट्ट आहे. मला मात्र भीती वाटते की डोळे काढता काढता ते तिचं सगळंच तोंड नवं करतील, आणि मग ती आजीची राहणार नाही. नुसते डोळे काढून मिळतात का?