केळीचे बॉक्स पुण्यापर्यंत हिरवे कसे न्यायचे? मायक्रॉनची (पातळ प्लास्टिकची) पिशवी वापरावी का?

तापीकाठचा_शेतकरी
राम राम मंडळी. यावल तालुक्यात आमची जी-नाईन जातीच्या केळीची बाग आहे, आजवर माल व्यापारीच उचलायचा, मोकळा ट्रकमध्ये भरून थेट उत्तरेकडे. आता पुण्यातल्या सोसायट्या १३ किलोचे बॉक्स मागतायत, भाव बरा मिळतो, पण पोचेपर्यंत काही फण्या पिवळ्या पडायला लागतात आणि जिथून फणी कापतो तो भाग काळा पडून बुरशी धरतो. पिशवीवाला म्हणतो ही पिशवी घ्या, महिनाभर केळी हलणार नाही. खरंय का हे? कोल्ड स्टोरेज नाही आमच्याकडे.

पॅकहाऊस_रावेर
भाऊ, पिशवी काम करते पण थंडाव्यासोबतच. केळी कापल्यावरही श्वास घेत असते, पिशवीत ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून पिकणं लांबतं. पण गरम माल पिशवीत कोंबला तर बाहेरून हिरवीगार आणि आतून मऊ, दारूसारखा वास येतो, असा माल कोणी घेत नाही. एक्सपोर्टचा माल १३-१४ अंशावर जातो म्हणून आठवडे टिकतो. तुम्ही घड पहाटे कापा, सावलीत आणा, उन्हात बांधावर एक मिनिटही ठेवू नका. आणि पूर्ण भरलेला घड लांब पाठवू नका, केळाच्या कडा अजून थोड्या दिसतायत तेव्हाच कापा.
बुरशीचं म्हणाल तर धारदार सुरीने एका घावात फणी काढा, देठाचा थोडा भाग राहू द्या. कापल्या कापल्या चीक गळतो, सालीवर सुकला की काळे डाग पडतात, म्हणून फणी लगेच तुरटीच्या पाण्यात. नंतर पंख्याखाली पूर्ण कोरडी करून मगच पॅक करा, ओली फणी पिशवीत गेली की बुरशी आलीच.

कृषी_पदवीधर
पिशवीसोबत इथिलीन (फळ पिकवणारा वायू) शोषणाऱ्या पुड्या पण टाका, पोटॅशियम परमँगनेटच्या. ताजी पुडी जांभळी असते, तपकिरी झाली की तिचं काम संपलं. एकही पिकलेलं किंवा मार लागलेलं केळं बॉक्समध्ये जाऊ देऊ नका, त्याच्यातून निघणाऱ्या इथिलीनने अख्खा बॉक्स पिकतो.

सिंहगड_रोड
आम्ही घेणारे लोक हिरवी केळी घेऊन काय करणार? मागे एकाने पाठवलेली, फ्रिजमध्ये ठेवली तर काळी पडली आणि पिकलीच नाहीत.

पॅकहाऊस_रावेर
ताई, १३ अंशाच्या खाली हिरव्या केळीला थंडी बाधते, साल करपते आणि ती नीट पिकत नाही. पिकल्यावर ठेवलीत तर साल काळी होईल पण आतला गर चांगला राहतो.
भाऊ, म्हणून सोसायटीला थेट हिरवा माल देऊ नका. पुण्यातल्या रायपनिंग चेंबरवाल्याशी बोला, तिथे १६-१८ अंशावर साधारण २४ तास इथिलीन देतात, मग रंग धरला की वाटप. कार्बाइडच्या नादी कोणी लावलं तरी लागू नका, फळं पिकवायला त्याला बंदी आहे.

तापीकाठचा_शेतकरी
चेंबरचं डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. तुरटी आणि पंख्याची सोय या आठवड्यातच करतो. यावल-सावद्याकडून पुण्याला रीफर (थंडाव्याच्या) गाडीत थोडेच बॉक्स घेणारं कोणी माहीत असेल तर सांगा, पूर्ण गाडी भरेल इतका माल अजून नाही.